रांधणाऱ्यांच्या आणि खाणाऱ्यांच्या विनोदी म्हणी कुठून आल्या?

प्रश्न असा आहे : ‘अन्न देव पाठवतो, पण आचारी सैतान पाठवतो, अशा अर्थाची एक म्हण इंग्रजीत आहे. स्वयंपाक करणाऱ्यांची आणि खाणाऱ्यांची थट्टा करणाऱ्या अशा म्हणी मराठीत कोणत्या आहेत, त्या कशा जन्मल्या आणि त्यांच्यामागे सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी खऱ्या मानाव्यात का?’ गिरगाव, दादर, परळ या भागांत लग्नमुंजींच्या स्वयंपाकाची कामे घेणे हा माझा आयुष्यभराचा व्यवसाय आहे. भट्टीजवळ आणि पंगतीत कानावर पडणाऱ्या म्हणी टिपून ठेवायच्या आणि त्या जुन्या कोशांशी ताडून पाहायच्या, हा त्याच्याच जोडीने वाढलेला व्यासंग आहे. त्या दोहोंच्या आधारे हे उत्तर लिहितो आहे.

म्हणीचा उगम शोधायला निघालेला माणूस बहुधा गोष्ट शोधतो : कोणता राजा, कोणता भटजी, कोणती सून. माझा अनुभव असा आहे की खाण्यापिण्याच्या बहुसंख्य म्हणींना मुळात गोष्टच नसते. एखादा जिन्नस शिजताना कसा वागतो, इंधन कोणते, भांडे कोणते, पंगतीत कोणी कुठे बसायचे आणि कोणाच्या पानात काय पडायचे, यांतून म्हण तयार होते. गोष्ट मागाहून कोणीतरी रचून तिला जोडतो. म्हणून स्वयंपाकाची म्हण समजून घ्यायची असेल, तर तिच्यात सांगितलेली क्रिया एकदा चुलीपाशी उभे राहून पाहावी. निम्म्याहून अधिक म्हणी तेवढ्याने उलगडतात.

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही सर्वांना ठाऊक असलेली म्हण पाहू. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या ग्रंथात, ‘पर्याप्तो ह्येकः पुलाकः स्थाल्या निदर्शनाय’ असे वाक्य आहे. भांड्यातला भात शिजला की नाही हे कळायला एक शित पुरेसे आहे, असा त्याचा अर्थ. पुढे शास्त्रकारांनी यालाच स्थालीपुलाकन्याय म्हटले. व्याकरणासारख्या कोरड्या विषयात गुरूने हा दाखला दिला, याचाच अर्थ समोरच्या शिष्यांनी घरी आईला किंवा आश्रमात कोणाला शित चिमटीत धरून दाबताना रोज पाहिले होते. त्यामुळे या म्हणीचे वय दोन हजार वर्षांहून कमी नाही, आणि तिला कोणत्याही राजाची गरज पडलेली नाही.

तिच्यातली एक बारीक गोष्ट मात्र स्वयंपाक करणाऱ्यालाच जाणवते. शित दाबून मधली कणी मोडली की नाही हे पाहण्याची रीत घरच्या लहान भांड्यापुरती खरी आहे, कारण त्यात आच सगळीकडे सारखी पोहोचते. दोनशे पानांच्या भाताचा टोप चढवला की तळचा भात आधी शिजतो, कडेचा रेंगाळतो आणि वरच्या थराला कणी राहते. तिथे एका शितावर विसंबणारा आचारी फसतो. तळापासून, मधून आणि कडेने अशी वेगवेगळी शिते काढून पाहावी लागतात. ही म्हण एका घरच्या चुलीवर जन्मली आणि मोठ्या मुदपाकखान्याशी तिचा संबंध आला नाही, असे मी ठामपणे म्हणतो ते यामुळेच.

त्याच महाभाष्यात आणखी एक वाक्य येते, जे मला सगळ्या भारतीय खाद्यम्हणींत सर्वांत आवडते : ‘न हि भिक्षुकाः सन्तीति स्थाल्यो नाधिश्रीयन्ते’. दारात भिकारी येतात म्हणून कोणी चुलीवर भांडे ठेवायचे थांबत नाही. वाक्याच्या पुढच्या भागात, हरणे येऊन खातात म्हणून कोणी जव पेरायचे सोडत नाही, असेही म्हटले आहे. अन्न शिजले की मागणारे येणारच, ही जाणीव आणि तिच्यातला समजूतदार विनोद आपल्या ‘असतील शिते तर जमतील भुते’ या म्हणीतही आहे. मराठीतली म्हण अधिक खट्याळ आहे, कारण तिने आगंतुकांना थेट भुतांच्या पंक्तीला बसवले. भुताखेतांसाठी भात उतरून तिठ्यावर ठेवण्याची चाल गावोगाव होती, त्यामुळे भात दिसला की भुते येतात ही समजूत ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून होतीच. म्हणीने एवढेच केले की ती समजूत सुखाच्या दिवसांत जमणाऱ्या सोयऱ्यांना लावली.

आता रांधणाऱ्यावरच्या म्हणीकडे येऊ. ‘नाचता येईना अंगण वाकडे, रांधता येईना ओली लाकडे’ या म्हणीचा पूर्वार्ध आज जास्त चालतो आणि उत्तरार्ध लाकडांबरोबर मुंबईतून निघून गेला. या उत्तरार्धाचा डंख समजायला कोकणातला आणि मुंबईतला पाऊस लक्षात घ्यावा लागतो. ओल्या लाकडावर स्वयंपाक खरोखरच होत नाही. लाकडातले पाणी आधी वाफ होऊन निघून जायला हवे. तोवर आच लागत नाही, घर धुराने भरते आणि रांधणारीचे डोळे चुरचुरतात. तेव्हा ही सबब खोटी नाही. मग म्हण तिची थट्टा का करते? कारण जाणती बाई आगोटीची बेगमी वैशाखातच करून ठेवत असे. लाकडे, गोवऱ्या, सुकी मासळी, पापड, मीठ, मसाला सारे पाऊस पडायच्या आधी घरात रचलेले असे. आषाढात जिची लाकडे ओली, तिची चूक आषाढातली नसून वैशाखातली आहे. म्हण हाताच्या चवीबद्दल काहीच बोलत नाही; ती तयारीबद्दल बोलते. व्यवसायात मी हेच पाहिले आहे. कार्य बिघडते ते क्वचितच फोडणीमुळे बिघडते. ते आदल्या दिवशीच्या कोठीत बिघडलेले असते.

मांड्यांच्या म्हणींनाही असाच नीट उलगडणारा आधार आहे. ‘मनातले मांडे’ आणि ‘कोंड्याचा मांडा’ हे दोन्ही प्रयोग मांडा म्हणजे काय हे न पाहिलेला माणूसही सहज करतो. मांड्याची कणीक अतिशय बारीक चाळलेल्या गव्हाची, सैल तिंबलेली आणि ताणली तरी न तुटणारी असावी लागते. ती हातांवर फिरवून मोठी करतात आणि उपड्या तापलेल्या खापरावर टाकतात. संत ज्ञानेश्वरांची कथा याच खापराभोवती फिरते. विसोबा चाट्याने कुंभारांना मना केल्यामुळे मुक्ताबाईला खापर मिळेना, तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगबळाने आपली पाठ तापवली आणि तिने त्यावर मांडे भाजले, अशी ती कथा आहे. इतका जिकिरीचा पदार्थ असल्यामुळेच तो मनात करणे सोपे आणि प्रत्यक्षात करणे अवघड. कोंड्यात ताण धरण्याची शक्तीच नसते, म्हणून कोंड्याचा मांडा करणारी बाई अशक्य ते शक्य करते. ही म्हण गरिबीची चेष्टा करते असे काही जण मानतात. मला ती मराठीत रांधणाऱ्या हाताला दिलेल्या सर्वांत मोठ्या दादांपैकी एक वाटते.

कढीबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण मराठी म्हणींत भाताच्या खालोखाल कढी आणि ताक यांचा राबता आहे. ज्या घरी दुभते, त्या घरी लोणी काढून घेतल्यावर ताक उरे. लोण्याचे तूप साठवता येते, विकता येते; ताक मात्र दिवसात आंबट होते आणि गावात त्याला गिऱ्हाईकही नसते. म्हणून ते शेजारीपाजारी फुकट जाई. फुकटची वस्तू मागायला जाण्यात जो संकोच असतो, त्यातून ‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’ आले आणि त्या मागण्यासाठी वापरलेल्या गोडव्यातून ‘ताकापुरती आजीबाई’ आली. घरात ताक आणि पसाभर बेसन असले की कढी होते. पाहुणा आला की ती वाढवताही येते. गरिबाघरचे हे हमखास कालवण असल्यामुळेच तुकोबांनी पोकळ बोलण्याला तिचा दाखला दिला : ‘बोलाचीच कढी बोलाचाचि भात । जेवूनियां तृप्त कोण झाला’. येथे पक्वान्नांचे नाव घेतले असते तर अभंगाची धार गेली असती. ज्याला साधी कढी आणि भातही शब्दांतच वाढला जातो, त्याची उपासमार अधिक बोचते.

‘शिळ्या कढीला ऊत आणणे’ हा वाक्प्रचार मात्र मला नेहमी स्वयंपाक जाणणाऱ्या व्यक्तीने घडवलेला वाटतो. ताज्या कढीलासुद्धा ऊत येऊ द्यायचा नसतो. ती सतत ढवळत राहून, पहिल्या उकळीच्या बेतात आली की उतरवायची असते, नाहीतर ताक फाटते आणि वर पाणी, खाली चोथा होतो. तेव्हा शिळी कढी घेऊन तिला ऊत आणणारा दोन चुका एकदम करतो. जुना वाद पुन्हा उकरून काढणाऱ्याला याहून नेमके कोणी काही म्हटलेले मला आठवत नाही.

आता गोष्टींचा प्रश्न. काही म्हणी खरोखरच गोष्टीतून आलेल्या आहेत, आणि त्या ओळखण्याची एक सोपी कसोटी मी वापरतो : गोष्ट काढून घेतली तर म्हण समजते का? ‘ओली लाकडे’ समजते. ‘पुराणातली वांगी पुराणात’ समजत नाही. पुराणिकबुवा देवळात वांगी निषिद्ध असल्याचे सांगतात, श्रोत्यांत बसलेली त्यांची बायको ते मनावर घेऊन घरी वांग्याची भाजी करत नाही आणि बुवा पानावर बसल्यावर म्हणतात की पुराणातली वांगी पुराणात राहू द्या. ही गोष्ट म्हणजे म्हणीचा देहच आहे. ती एखाद्या विशिष्ट गावात घडली असे मानण्याचे कारण नाही, पण ती हवेतूनही आलेली नाही. चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगी वर्ज्य करण्याची चाल आहे. म्हणून तर आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून कांद्याची भजी आणि वांग्याचे भरीत खाऊन घेतात. आणि देवळांतून पुराण लावले जाते तेही बहुतांशी याच चार महिन्यांत. निषेध सांगण्याचा हंगाम आणि निषिद्ध भाजी खावीशी वाटण्याचा हंगाम एकच असल्यामुळे ही गोष्ट सुचणे अगदी स्वाभाविक होते. ती ऐकणाऱ्या प्रत्येकाने तो मोह स्वतः अनुभवलेला होता.

‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ हीदेखील याच जातीची. तुरी अजून बाजारातच आहेत आणि नवराबायकोत त्यांच्या वरणावरून जुंपली आहे, एवढ्या चार शब्दांत एक पूर्ण प्रवेश उभा राहतो. या म्हणीवर आपण हसतो, पण त्या हसण्यात मार खाणारी बाई आहे हे विसरू नये असे मला वाटते. म्हणी जशा घडल्या तशा नोंदवाव्यात. त्यांतले वागणे आपले मानू नये. बिरबलाच्या खिचडीबद्दल वेगळे लिहायला नको. उंच टांगलेले मडके आणि खाली पेटवलेला जाळ हे चित्र सर्वांना पाठ आहे.

प्रश्नात दिलेल्या इंग्रजी म्हणीचा पत्ता चांगला लागतो. अँड्र्यू बूर्ड या इंग्रज वैद्याने १५४२ मध्ये आहारावर लिहिताना, देव माणसाला चांगले मांस देईल पण सैतान वाईट आचारी पाठवून त्याची नासाडी करील, अशी म्हण सर्वत्र चालते असे नमूद केले आहे. म्हणजे तेव्हाही ती जुनीच होती. या म्हणीला तोडीस तोड म्हण मराठीत का सापडत नाही, हा मला खरा विचार करण्याजोगा प्रश्न वाटतो. माझे उत्तर असे आहे. त्या म्हणीतला आचारी हा पगारी नोकर आहे आणि हसणारा धनी आहे. आपल्याकडे मोठ्या कार्याचा स्वयंपाक सोवळ्यातल्या ब्राह्मण आचाऱ्याकडे असे, कारण त्याच्या हातचे अन्न पंगतीतल्या सगळ्यांना चालत असे. ही रीत अन्यायावर उभी होती. तिने कितीतरी हातांना स्वयंपाकघराबाहेर आणि कितीतरी माणसांना पंगतीबाहेर ठेवले. पण तिचा एक परिणाम असा झाला की पैसे घेऊन रांधणारा माणूस मानाने यजमानापेक्षा खाली नसे. त्याची उघड थट्टा करणे अवघड होते. शिवाय आपल्या महाकाव्यांनी आचाऱ्याला नायकाचा पोशाख दिला होता. विराटाघरी बल्लव नावाने राबणारा भीम आणि ऋतुपर्णाकडे बाहुक होऊन राहिलेला नल, हे दोघे पाककलेचे आदर्श ठरले. हौसेने स्वयंपाकघरात शिरलेल्या पुरुषाला आपण बल्लवाचार्य म्हणतो, त्यात चेष्टा असली तरी ती प्रेमाची असते.

मग थट्टेचे धनी कोण झाले? तीन जण झाले : घरची रांधणारी, वाढपी आणि जेवणारा. त्यांतही वाढपी आणि जेवणारा यांच्यावरचा विनोद सर्वांत समृद्ध आहे, कारण तो पंगतीत जन्मला. पंगत हा समोरासमोर चाललेला व्यवहार असतो. पान मांडले की प्रत्येक जिन्नसाची जागा ठरलेली. वरती मीठ, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. सगळ्यांना सारखे वाढायचे हा धर्म. त्यात भेद केला तर तो पंक्तिप्रपंच, आणि तो मोठा दोष मानला जाई. पण तूप मोजकेच असते, जिलबीचे ताट शेवटच्या पानापर्यंत पोहोचेलच याची खात्री नसते, आणि मठ्ठा ढवळून वाढला नाही तर पहिल्यांना पाणी व शेवटच्यांना दाट मठ्ठा मिळतो. धर्म सांगतो सारखे वाढा आणि हात मात्र ओळखीच्या पानावर रेंगाळतो. या विसंगतीतून ‘वाढपी आपला असला की शेवटच्या पंगतीला बसले तरी चालते’ ही म्हण आली. ‘आपल्या पोळीवर तूप ओढून घेणे’, ‘हात आखडता घेणे’, ‘तोंडाला पाने पुसणे’ हे सगळे त्याच ओळीत बसलेले आहेत. मुंबईत आता बुफे आला, तरी वाढप्याची म्हण जिवंत आहे, कारण ओळखीचा माणूस शोधण्याची गरज जेवणापुरती कधीच नव्हती.

जेवणाऱ्याचा चिक्कूपणा टिपणारी सर्वांत सूक्ष्म म्हण ‘उष्ट्या हाताने कावळा न हाकणे’ ही आहे. भात हाताने खाताना बोटांना शिते चिकटतात. हात झटकला तर एखादे शित उडून कावळ्याला मिळेल, म्हणून हा माणूस हातच हलवत नाही. ज्याने हे पाहिले त्याची नजर किती बारीक असेल! ‘हलवायाच्या घरावर तुळशीपत्र’ ही म्हण त्याच्या अगदी उलट टोकाच्या माणसाची. दान द्यायच्या वस्तूवर तुळशीचे पान ठेवले की तिच्यावरचा हक्क सुटतो, ही धार्मिक रीत. म्हणीतला दाता ते पान दुसऱ्याच्या मिठाईवर ठेवून मोकळा होतो. ‘खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी’ या म्हणीला काही स्पष्टीकरण लागत नाही.

‘वड्याचे तेल वांग्यावर’ ही म्हण राग भलत्यावर काढण्यासाठी वापरतात. तिच्याबद्दल माझे एक मत आहे आणि ते कोठीच्या हिशेबातून बनले आहे. तळणीतून उरलेले तेल कोणी फेकत नाही; ते दुसऱ्या भाजीच्या फोडणीला जाते, आणि भरपूर तेल पिणारी भाजी म्हणजे वांगे. हिशेब लिहिताना वड्यांना लागलेले जास्तीचे तेल वांग्यांच्या नावे टाकले की खर्च बरोबर जुळतो आणि वड्यांचा आचारी सुटतो. एकाचा भार दुसऱ्याच्या माथी, हा अर्थ तिथून सरळ निघतो. रागाचा अर्थ त्याच्या पुढचे पाऊल आहे.

घरच्या रांधणारीच्या वाट्याला थट्टा पुष्कळ आली, पण तिने उत्तरही दिले आहे. ‘नावडतीचे मीठ अळणी’ हे ते उत्तर. एकाच घरात आवडती आणि नावडती अशा दोन बायका नांदत, त्या काळातली ही म्हण आहे. नावडतीची भाजी अळणी म्हटले असते तर ती टीका झाली असती. येथे तिचे मीठच अळणी ठरवले आहे. मीठ अळणी असूच शकत नाही, म्हणजे दोष पानावर बसलेल्याच्या मनात आहे, हे म्हण तीनच शब्दांत सिद्ध करते. ही रचना जेवणाऱ्या पुरुषाची नाही. ती चुलीपुढे बसलेल्या बाईचीच असणार असे माझे ठाम मत आहे. लग्नातल्या उखाण्यांतही ‘भाजीत भाजी मेथीची’ असे म्हणत स्वयंपाकघर मध्ये येते ते उगाच नाही. सुनेची पारख जिथे होई, तिथलेच शब्द तिने हसण्यासाठी उचलले.

म्हणीचे वय ठरवायला जिन्नस आणि नाणी फार उपयोगी पडतात. मिरची पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेतून इकडे आली; त्यांनी गोवा घेतला १५१० मध्ये. त्याआधी आपल्या स्वयंपाकात तिखटपणा मिऱ्यांचा आणि आल्याचा होता. म्हणून ‘नाकाला मिरच्या झोंबणे’ हा प्रयोग सोळाव्या शतकाच्या अलीकडचाच असला पाहिजे, मग त्याच्याशी कोणी कितीही प्राचीन कथा जोडो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणताना आज आपल्या डोळ्यांपुढे साबुदाण्याची खिचडी येते. त्या खिचडीतले साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे आणि मिरची हे चारही पदार्थ अमेरिकेतल्या वनस्पतींपासून आलेले आहेत, आणि टॅपिओका या कंदाचा साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलम भागात मोठ्या प्रमाणावर होऊ लागला तो १९४० च्या दशकापासून. तेव्हा वरीचे तांदूळ आणि राजगिऱ्यावर आधी जे दुप्पट खाल्ले जाई, ते आज खिचडीवर खाल्ले जाते. म्हण तीच राहिली आणि ताट बदलले.

‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ या म्हणीतला हिशेब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. चार आणि बारा मिळून सोळा आणे, म्हणजे बरोबर एक रुपया होतो. आकडे यदृच्छेने घेतलेले नाहीत. एक बंदा रुपया मोडून त्याचा पाव भाग कोंबडीला आणि पाऊण भाग मसाल्याला गेला, असे ते चित्र आहे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि आणे व्यवहारातून गेले, पण पंचवीस पैशांची कोंबडी कोणी म्हणत नाही, कारण सोळाचा तो मेळ शंभरात बसवला की कानाला लागत नाही. मुंबईत हल्ली सर्रास ऐकू येणारी ‘चहापेक्षा किटली गरम’ ही म्हण सर्वांत तरुण. विसाव्या शतकात चहाचा जाणीवपूर्वक प्रचार झाला, तो गिरण्या, कचेऱ्या आणि स्टेशनांपर्यंत पोहोचला आणि हॉटेलातला पोऱ्या किटली घेऊन मजले चढू लागला. साहेबापेक्षा त्याच्या शिपायाचा तोरा मोठा, हे ज्या शहरात रोज दिसते, त्याच शहरात पत्र्याची किटली आतल्या चहापेक्षा जास्त चटका देते हेही रोज कळते.

मुंबईबद्दल आणखी एक सांगायलाच हवे. लालबाग, परळ, वरळी या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले हजारो पुरुष खानावळीत जेवत. त्या खानावळी बहुतांशी बायका आपल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत चालवत. महिन्याचा हिशेब, न जेवलेल्या दिवसांचे खाडे, उधारी आणि सणाचे गोड जेवण असा तो व्यवहार होता. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते याच बायकांना सावकारी कर्जातून सोडवण्यासाठी. पैसे देऊन जेवणारा आणि रांधणारी हे रोज एकमेकांसमोर बसत, त्यामुळे पातळ आमटीवरची त्याची कुरकुर आणि थकलेल्या पैशांवरचे तिचे टोमणे दोन्ही तिथे एकाच खोलीत घडले. इंग्रजी म्हणीत जो धनी आणि नोकर हा संबंध आहे, त्याच्या सर्वांत जवळ मराठी बोलणे आले ते इथे. पण इथली रांधणारी नोकर नव्हती, ती मालकीण होती, आणि तिचे शब्द त्यामुळे अधिक तिखट होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या आणि या खोल्यांतल्या पंगतीही उठल्या.

आपल्याकडे एखादी म्हण तिच्या गोष्टीसह आली, तर प्रथम ती छापील स्वरूपात किती मागे जाते ते पाहावे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि मॅनवेरिंगने १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेला मराठी म्हणींचा संग्रह या दोन ठिकाणी बहुतेक जुन्या म्हणी भेटतात. तिथे म्हण आहे पण गोष्ट नाही, असे दिसले तर गोष्टीकडे सावधपणे पाहावे. त्यानंतर म्हणीतला जिन्नस, भांडे आणि नाणे तपासावे, आणि शेवटी एखाद्या जुन्या रांधणाऱ्याला विचारावे. मोल्सवर्थच्या मदतीला होते ते शास्त्री-पंडित. चुलीपुढचे आणि खानावळीतले बायकांचे बोलणे त्यांच्या टिपणांत फारसे उतरणे शक्यच नव्हते. गिरणगावात खानावळ चालवलेल्या बायका आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. आपला शोध त्यांच्यापासून सुरू करावा आणि तो याच वर्षी करावा, असे मी आग्रहाने सुचवतो.